ढगातले दप्तर आणि त्याच्या किल्ल्या

(बी. ए. भाग दोन)

ढग म्हटला की वऱ्हाडातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे मृगाचे आभाळ उभे राहते. आपला मुलूख कोरडवाहू. कपाशी, तूर, सोयाबीन सारे त्या आभाळाच्या भरवशावर. परंतु गेल्या दहा-बारा वर्षांत आणखी एका ढगावर आपले बरेचसे जीवन अवलंबून राहू लागले आहे आणि त्याची जाणीव मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना आहे. वडिलांच्या नावचा सातबारा, आपला जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, महाडीबीटीवर भरलेला शिष्यवृत्तीचा अर्ज, लहान भावाच्या जन्माची नोंद ही सारी कागदपत्रे आता केवळ तहसिलीतल्या लाल फडक्यात बांधलेली राहिलेली नाहीत. ती कोठल्या तरी दूरच्या शहरातील संगणकांत साठवलेली असतात. इंग्रजीत या व्यवस्थेला 'क्लाउड' म्हणजे ढग म्हणतात. केंद्र सरकारनेही आपल्या योजनेला नाव दिले ते 'मेघराज'. नाव काव्यमय आहे. परंतु आत ठेवलेली ठेव आपली आहे. तेव्हा त्या ढगाला कुलूप कोणते आणि किल्ली कोणाजवळ, हे विचारणे आपल्याला भाग आहे. वाङ्मय आणि समाजशास्त्र शिकणाऱ्यांचा हा प्रांत नव्हे असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. दाखला तर आपल्यालाच लागतो.

प्रथम ढग म्हणजे काय ते पाहू. अकोल्याचा कास्तकार पूर्वी तूर घरातल्या कणगीत किंवा पेवात ठेवीत असे. आता भाव नसला की तो ती वखार महामंडळाच्या गोदामात नेऊन टाकतो आणि पावती घेऊन घरी येतो. गोदाम त्याच्या मालकीचे नाही. तेथे दुसऱ्यांच्याही थप्प्या आहेत. जेवढी जागा आणि जेवढे दिवस, तेवढे भाडे. क्लाउड हे नेमके असेच संगणकांचे भाड्याचे गोदाम होय. एखाद्या सरकारी खात्याने स्वतःच्या कचेरीत यंत्रे घ्यावीत, त्यांना थंड हवा द्यावी, वीज गेली तर जनरेटर लावावा आणि राखायला माणसे ठेवावीत, यापेक्षा कोणा मोठ्या गोदामवाल्याकडे भाड्याने जागा घेणे सोयीचे पडते. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी लाखो मुले एकाच वेळी संकेतस्थळ उघडतात. त्या एका दिवसापुरती जास्त जागा घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी सोडून द्यायची, ही सोय स्वतःच्या कणगीत नाही.

या उपमेचा खरा उपयोग पुढे आहे. गोदामाचे छप्पर गळले, उंदरांनी पोती फोडली, तर जबाबदार वखार. परंतु तूर ओली असतानाच पोत्यात भरली, किंवा पावती भलत्याच माणसाच्या हाती दिली आणि त्याने माल उचलून नेला, तर वखारवाला काय करील? क्लाउडमध्येही जबाबदारी अशीच वाटून घ्यावी लागते. इमारत, यंत्रे, वीज, अग्निशमन हे सारे गोदामवाल्याचे. कोणाला आत सोडायचे, कोणता कागद कोणाला दिसावा, पासवर्ड कोणाला द्यावा, हे मात्र भाडेकरू खात्याचे. सरकारी माहितीच्या ज्या चोऱ्या गाजल्या, त्यांतील बऱ्याच या वाटणीच्या सीमेवर झालेल्या दिसतात. एकाला वाटते दुसरा पाहतो आहे. दुसऱ्याला वाटते ते आपले काम नव्हे. आमच्याकडे दोन वावरांमधल्या धुऱ्यावर गवत माजते, ते याच कारणाने.

उपमा एका ठिकाणी मात्र लंगडी पडते. गोदामातून दहा पोती चोरीला गेली तर थप्पी बुटकी दिसते. माहिती चोरीला जाते तेव्हा थप्पी जशीच्या तशी राहते, कारण चोर नक्कल घेऊन जातो. म्हणून महिनोन्महिने पत्ता लागत नाही.

सरकार या ढगाकडे वळले ते केव्हा? 'मेघराज' योजनेखालचा राष्ट्रीय क्लाउड फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे कलेक्टर कचेरीत ज्यांची एक खोली असते त्या एन.आय.सी.ने, तो उभारला. खाजगी कंपन्यांच्या क्लाउडलाही नंतर सरकारी यादीत प्रवेश मिळाला. महाराष्ट्र सरकारने जानेवारी २०१८ मध्ये आपले सार्वजनिक क्लाउड धोरण जाहीर केले. असे धोरण आणणारे आपले राज्य देशात पहिले, असे त्या वेळी सांगण्यात आले. त्याच वर्षी १ मे रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला.

कागदच बरे होते, असे म्हणणारी मंडळी आपल्या घरोघर आहेत. त्यांना २१ जून २०१२ ची आठवण करून द्यावीशी वाटते. त्या दिवशी मुंबईत मंत्रालयाला आग लागली, माणसे दगावली, वरच्या मजल्यांवरची खात्यांची दालने आणि त्यांतील फायली जळाल्या. ज्या फायलीची दुसरी प्रत नव्हती ती गेली ती गेलीच. वाळवी, पूर आणि पानाचा तुकडा हळूच फाडून नेणारा हात, हे कागदाचे शत्रू काही कमी नाहीत. तेव्हा कागद की ढग हा वाद व्यर्थ आहे. ढगात न्यायचे तर कोणत्या अटींवर, हा खरा प्रश्न होय.

या अटी कागदावर तरी बऱ्यापैकी कडक आहेत. सरकारी खात्याला वाटेल त्या कंपनीची जागा घेता येत नाही. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने कंपन्यांची एक मान्य यादी ठेवली आहे आणि त्या यादीत येण्यापूर्वी एस.टी.क्यू.सी. या सरकारी तपासणी संस्थेकडून कंपनीच्या व्यवस्थेचे परीक्षण व्हावे लागते. माहितीच्या सुरक्षेविषयी जगभर मानली जाणारी प्रमाणपत्रे कंपनीजवळ असावी लागतात, आय.एस.ओ. २७००१ हे सर्वसाधारण, २७०१७ हे खास क्लाउडसाठी आणि २७०१८ हे क्लाउडमधील वैयक्तिक माहितीसाठी. सर्वांत महत्त्वाची अट अशी की सरकारची माहिती भारताच्या भूमीवरच राहिली पाहिजे. हे का, तर ज्या देशात यंत्र त्या देशाचा कायदा त्याला लागू होतो. परक्या न्यायालयाच्या हुकुमाने आपल्या जमिनीचे दप्तर कोणी उघडू नये. दुसरी तेवढीच मोलाची अट मालकीची. माहिती खात्याची असते, गोदामवाल्याची नव्हे. करार संपला की ती परत द्यायची आणि आपल्याकडची पुसून टाकायची.

अमेरिकेनेही २०११ साली अशीच एक योजना आखली. तिचे नाव फेडरॅम्प. तिच्यातील एक गोष्ट मला विशेष घेण्यासारखी वाटते. तेथे माहिती फुटल्याने किती नुकसान होईल ते आधी ठरवून कमी, मध्यम आणि उच्च अशा तीन पायऱ्या केल्या आहेत आणि पायरी चढेल तशा अटी वाढतात. सातबारा मुळात कोणालाही पाहता येतो. तेथे भीती चोरीची नाही, खाडाखोडीची आहे. उलट जिल्हा रुग्णालयातील रोग्याची फाइल कोणी नुसती वाचली तरी त्याचे आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकते. दोन्हींना एकच कुलूप लावणे म्हणजे तिजोरी आणि गोठा यांना एकच कडी लावणे.

आता प्रत्यक्ष काय घडते ते पाहू, आणि त्यासाठी दूर जायला नको. अमरावतीत सातुर्णा किंवा नांदगाव पेठ, अकोल्यात शिवणी या भागांना आपण नुसते 'एमआयडीसी' म्हणतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ ही ती १९६२ साली स्थापन झालेली संस्था. अमरावतीला तिचे प्रादेशिक कार्यालय आहे. २१ मार्च २०२१ रोजी, रविवारी पहाटे अडीचच्या सुमारास, या महामंडळाच्या यंत्रणेवर 'रॅन्समवेअर'चा हल्ला झाला. रॅन्समवेअर म्हणजे खंडणीखोर प्रोग्राम. तो आत शिरतो, सापडतील त्या फायली सांकेतिक लिपीत बदलून टाकतो आणि ती लिपी उलगडण्याची किल्ली हवी असेल तर पैसे द्या असे पत्र ठेवून जातो. चोर घरात शिरला आणि काही न नेता प्रत्येक कपाटाला आपले कुलूप ठोकून गेला, असा हा प्रकार. मुंबईचे मुख्यालय आणि राज्यातील सोळाही प्रादेशिक कार्यालये यांचे संगणकावरचे काम ठप्प झाले. पाचशे कोटींच्या खंडणीचा आकडा वर्तमानपत्रांत झळकला.

त्या आकड्यापेक्षा महामंडळाने नंतर दिलेल्या निवेदनातील एक वाक्य मला अधिक बोलके वाटते. महामंडळाचे काही काम नाशिकच्या ई.एस.डी.एस. या कंपनीच्या क्लाउडवर चालत होते आणि काही स्वतःच्या कचेरीतील यंत्रांवर. निरनिराळ्या कामांच्या बॅकअप प्रती क्लाउडवर जाळ्याच्या वेगळ्या कप्प्यात ठेवलेल्या होत्या आणि त्यांना लागण झाली नाही, असे त्या निवेदनात म्हटले होते. सारे रहस्य 'वेगळ्या कप्प्यात' या दोन शब्दांत आहे. आमच्याकडे कपाशीच्या गंज्या एकमेकींपासून अंतर राखून लावतात, कारण एकीला आग लागली तर दुसरी वाचावी. बॅकअपची प्रत मूळ प्रतीच्याच जाळ्यात राहिली तर खंडणीखोर प्रोग्राम तिलाही तेवढ्याच सहजतेने गिळतो. किंबहुना सराईत चोर आधी बॅकअपच शोधतो.

कप्पे नीट नसले की काय होते याचे उदाहरण पुढच्याच वर्षी दिल्लीला घडले. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत, म्हणजे एम्समध्ये, असाच हल्ला झाला. सरकारने संसदेत सांगितल्याप्रमाणे पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि जाळ्याची विभागणी योग्य प्रकारे केलेली नसणे हे त्याचे कारण होते. देशातल्या सर्वांत मोठ्या इस्पितळांपैकी एकात कितीतरी दिवस केसपेपर हाताने लिहावे लागले.

आणि बॅकअप ठेवलाच नाही तर? दक्षिण कोरिया हा संगणकाच्या बाबतीत आपल्या कितीतरी पुढे गेलेला देश. तेथील डेजॉन शहरात सरकारचे मोठे संगणककेंद्र आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी तेथे बॅटऱ्यांना आग लागली आणि सरकारच्या ६४७ सेवा बंद कराव्या लागल्या असे प्रथम जाहीर झाले. त्यांतील बहुतेक यथावकाश उभ्या राहिल्या. परंतु सरकारी नोकरांनी आपापली कामाची कागदपत्रे ठेवण्यासाठी 'जी-ड्राइव्ह' नावाचा जो सरकारी ढग होता तो जळाला तो जळालाच. ८५८ टेराबाइट माहिती! दुसरी प्रत नव्हती, कारण एवढ्या प्रचंड साठ्याची प्रत ठेवणे जमत नाही असे मानले गेले होते. दुःखाची गोष्ट अशी की आपल्या टेबलावरच्या संगणकात काही ठेवू नका, सारे तेथेच ठेवा, असे त्या नोकरांना सरकारनेच सांगितले होते. ज्यांनी नियम पाळला त्यांचे गेले. हे वाचले तेव्हा मला मंत्रालयाची आग आठवली. एकीकडे कागद जळाला, दुसरीकडे ढग जळाला; दोन्हीकडे कमतरता एकच, दुसऱ्या प्रतीची.

हल्ला झाला तर काय करायचे यासाठीही नियम आहेत. देशात 'सर्ट-इन' नावाचे एक सरकारी पथक २००४ पासून काम करते. संगणकाच्या जगातील ही अग्निशमन सेवाच म्हणा ना. या पथकाने २८ एप्रिल २०२२ रोजी काही आदेश काढले. ते कंपन्यांना, संगणककेंद्रांना, क्लाउड चालवणाऱ्यांना आणि सरकारी संस्थांना सारखेच लागू आहेत. घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत ती सर्ट-इनला कळवली पाहिजे. पूर्वी अशी घटना झाकून ठेवण्याकडेच कल असे. खात्याची अब्रू जाईल ही भीती. पण एका कचेरीत शिरलेला चोर त्याच रात्री शेजारच्या कचेरीचे दारही ठोकतो. पहिल्याने ओरड केली तरच दुसरा जागा होईल.

त्याच आदेशात 'लॉग' १८० दिवस जपून ठेवण्याची सक्ती आहे. लॉग म्हणजे यंत्राने आपोआप लिहिलेली आवक-जावक नोंदवही. कोणत्या नावाने, किती वाजता, कोठून कोण आत आले आणि त्याने काय उघडले, याचा तो हिशेब. आणि सर्व यंत्रांची घड्याळे सरकारी प्रमाणवेळेशी जुळवलेली असावीत असेही त्यात आहे. हे वाचून मला आरंभी हसू आले. घड्याळ मिळवणे हासुद्धा काय सुरक्षेचा नियम! पण विचार करता पटते. अमरावतीच्या यंत्रात चोर १० वाजता दिसतो आणि मुंबईच्या यंत्रात ९ वाजून ५० मिनिटांनी. घड्याळेच चुकलेली असतील तर तो आधी कोठे शिरला हे कोण सांगणार?

चोर नसतानाही दार उघडे राहू शकते. अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांची सरकारी संकेतस्थळे एन.आय.सी.च्या 'एस३वास' या सामाईक व्यवस्थेवर चालतात. देशातील अनेक जिल्ह्यांचे तसेच आहे. या व्यवस्थेत निरनिराळ्या कचेऱ्यांनी चढवलेल्या काही फायली कोणालाही उघडता येतील अशा स्थितीत असल्याचे एका सुरक्षा-अभ्यासकाच्या २०२२ साली लक्षात आले. त्यांत लोकांचे आधार क्रमांक, कोविडच्या लशीची माहिती, पासपोर्टचे तपशील होते आणि इंटरनेटवर शोध घेताना ते सापडत होते. त्याने सर्ट-इनला कळवले. तरीही काही फायली उघड्याच राहिल्या आणि मार्च २०२४ मध्ये ही बातमी सर्वत्र प्रसिद्ध झाली. येथे कोणी कुलूप फोडलेले नाही. फाइल 'सर्वांसाठी' की 'फक्त कचेरीसाठी' एवढे ठरवणारी एक खूण चुकीच्या जागी राहिली असावी. गोदाम मजबूत, पण पोते रस्त्यावर ठेवले.

म्हणूनच मला वाटते की क्लाउडच्या सुरक्षेचा खरा प्रश्न मुंबई-दिल्लीच्या थंड खोल्यांत नाही, तो आपल्या तालुक्याच्या टेबलावर आहे. एन.आय.सी.ने जून २०२२ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांसाठी सूचना काढल्या. कचेरीची गोपनीय कागदपत्रे गूगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्स अशा बिगरसरकारी ढगांत ठेवू नका. सरकारी कागद कॅमस्कॅनरसारख्या ॲपने स्कॅन करू नका. पासवर्ड दर ४५ दिवसांनी बदला. सूचना चांगल्या आहेत. परंतु ज्या कचेरीत स्कॅनर बंद पडलेला आहे आणि संध्याकाळी पाचपर्यंत यादी वर पाठवायची आहे, तेथला कारकून मोबाइल काढील नाही तर काय करील? नियम पाळण्याचे साधन हाती दिल्याशिवाय नियम काढणे म्हणजे बैल न देता वखरणी सांगणे होय.

पासवर्ड वारंवार बदलायला लावण्याबद्दल तर माझा स्पष्ट मतभेद आहे. अमेरिकेच्या मानक संस्थेनेच २०१७ साली असा सल्ला दिला की चोरीचा संशय असल्याशिवाय ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये. कारण मनुष्यस्वभाव. दर दीड महिन्याला नवा शब्द लक्षात ठेवायचा म्हटले की माणूस जुन्याच्या शेवटी एक, दोन, तीन लावतो किंवा सरळ वहीत लिहून ठेवतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच असल्यामुळे काकांपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांचे फॉर्म माझ्या वाट्याला येतात आणि निरनिराळ्या सेवा केंद्रांच्या रांगांत पुष्कळ वेळ जातो. एका केंद्रावर टेबलावरची दोनशे पानी वही मी पाहिली. तीत गावातल्या पोरापोरींची नावे, त्यांचे शिष्यवृत्तीचे लॉगिन आणि पासवर्ड ओळीने लिहिलेले होते. चालकाचा हेतू वाईट नव्हता. पोरे पासवर्ड विसरतात, मग सारे काम अडते, म्हणून त्याने सोय केली होती. पण ती वही म्हणजे दोनशे घरांच्या किल्ल्यांचा जुडगा आणि तो रांगेतल्या कोणाच्याही हाताच्या अंतरावर. यावर उपाय तंत्रज्ञांनी काढलेला आहे. पासवर्डच्या जोडीला मोबाइलवर येणारा ओटीपी, बोटाचा ठसा किंवा डिजिटल सहीची पेनड्राइव्हसारखी कांडी अशी दुसरी खूण मागायची. मात्र सहीची ती कांडीच दुसऱ्याच्या संगणकाला लावून साहेब चहाला गेले, तर दुसरी खूणही वाया.

२०२३ साली आपल्याकडे वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले आणि त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. माहितीची नीट राखण न करणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड त्यात सांगितला आहे. त्याच कायद्यात सरकारला काही बाबतींत सवलतीही आहेत. त्या किती वापरल्या जातात यावर पुष्कळ अवलंबून राहील.

हे सारे प्रश्न ज्या एका घटनेत एकत्र आले ती आपल्याच विभागात घडली. यवतमाळ जिल्ह्यात आर्णी तालुक्यात शेंदुरसनी नावाचे गाव आहे. लोकवस्ती दीड हजाराच्या आसपास. जन्ममृत्यूच्या नोंदींसाठी देशभर एकच मध्यवर्ती संगणक व्यवस्था आहे आणि प्रत्येक ग्रामपंचायतीला तिचे स्वतंत्र लॉगिन असते. सप्टेंबर ते नोव्हेंबर २०२५ या तीन महिन्यांत शेंदुरसनी ग्रामपंचायतीच्या लॉगिनवरून सत्तावीस हजारांहून अधिक जन्मांच्या नोंदी झाल्याचे उघडकीस आले. पोलिसांत गुन्हा दाखल झाला, तपास सुरू झाला. दोषी कोण ते ठरवणे हे तपासाचे आणि न्यायालयाचे काम. त्यात आपण पडू नये. आपण फक्त आकडा पाहू. महाराष्ट्रात दर हजारी साधारण पंधरा जन्म होतात. त्या हिशेबाने या गावात वर्षाला वीस-पंचवीस आणि तीन महिन्यांत पाच-सहा मुले जन्मावीत. तेथे दररोज सरासरी तीनशे जन्मली!

येथे कोणते गोदाम फोडले गेले? सकृद्दर्शनी कोणतेच नाही. यंत्राच्या दृष्टीने नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, म्हणून माणूस बरोबर. कुलूप किल्लीला ओळखते, हाताला ओळखत नाही. भारताच्या भूमीवर ठेवलेली यंत्रे आणि जगमान्य प्रमाणपत्रे या ठिकाणी काहीही करू शकत नाहीत. उपयोगी पडली असती ती एक साधी, शहाणी अट: गावाच्या लोकसंख्येच्या मानाने नोंदी अचानक वाढल्या की यंत्राने स्वतःहून थांबावे आणि जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला विचारावे. बँका हे नित्य करतात. एखाद्याच्या खात्यातून मध्यरात्री परगावी मोठी रक्कम निघू लागली तर त्याला फोन येतो. सरकारी व्यवस्थेत ही नजर अजून पुरती आलेली नाही. जुन्या काळी आपल्याकडे गावचा कोतवाल जन्ममृत्यूची नोंद ठेवी. त्याच्या त्या कोतवाल बुकातील एक ओळ आज जातपडताळणीच्या वेळी लोक रेकॉर्ड रूमच्या पायऱ्या झिजवून शोधतात, कारण तिच्यावर कोणी शंका घेत नाही. कोतवालाला वाचता-लिहिता बेताचेच येत असेल, पण गावात एका दिवसात तीनशे पाळणे हलले तर ते त्याला नक्कीच समजले असते.

आता राहिला प्रश्न त्या सत्तावीस हजार नोंदींचा. त्यांच्या गर्दीत गावातील पाच-सहा खरी मुलेही आहेत आणि त्यांना उद्या शाळेत घालताना दाखला लागणारच. जन्म-मृत्यू नोंदणीचा मूळ कायदा १९६९ चा, म्हणजे संगणक कोणी पाहिलेलाही नव्हता तेव्हाचा. त्याच्या कलम १५ मध्ये खोटी किंवा चुकीची नोंद दुरुस्त वा रद्द कशी करावी ते सांगितले आहे. मूळ नोंद खोडायची नाही, तिच्यात फेरफार करायचा नाही. समासात शेरा लिहायचा, त्याखाली सही करायची आणि दुरुस्तीची किंवा रद्द केल्याची तारीख घालायची. सर्ट-इनच्या आदेशातील लॉग हीच गोष्ट करतो, फक्त तो १८० दिवसच जपण्याची सक्ती आहे. दाखला मात्र साठ-सत्तर वर्षांनी पेन्शनच्या वेळीही लागतो. जन्मनोंदीसारख्या दप्तराचा लॉग त्या दप्तराइतकाच काळ जपला पाहिजे, अशी अट सरकारने गोदामवाल्याशी करारातच घालून घेतली तर तिचा खर्च फार येऊ नये. लॉग म्हणजे शेवटी अक्षरेच असतात आणि अक्षरांना ढगात फार थोडी जागा लागते.